कुत्र्याचा नारळ

६ जुलै ९६
आबा आज दिवसभरात तीन वाक्यं बोलले. तिन्ही सुमनशी. "चहा नगं." "पंखा बंद कर." तिसरं ऐकू आलं नाही. मी समोर पेपर घेऊन बसलो होतो, पण आपल्या वडिलांना मुलगा दिसेल तर ना. चैत्रात मेंढरं विकली, पिंपळीहून त्यांना इथं भवानीनगरला साखर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये माझ्याकडं आणलं, तेव्हापासून हे असं. गुडघे गेलेत. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, चालणं बंद. म्हणून मेंढरं बिराजीला विकली. घरातला माणूस, भावकीतला. यात माझं काय चुकलं?
चुकलं ते एकच. बिराजी कळप हाकायला लागला तरी चांद्या आबांच्या पायाशी बसून राहिला. तेव्हा मी म्हणालो, "कुत्रं पण घेऊन जा." कॉलनीत कुठं ठेवणार होतो? आबा काही बोलले नाहीत. ते अजून बोलत नाहीत.

९ जुलै
बिराजी ऑफिसच्या गेटवर आला. चांद्या मेला. "मेंढरामागं फिरायचा, पर भाकरीला तोंड लावंना. लई केलं. आबांस्नी सांगा."
सांगतो म्हणालो. संध्याकाळी घरी आलो, आबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून. जेवताना सांगू म्हटलं. जेवताना वैशूच्या शाळेच्या बुटांचं निघालं.
उद्या.

१० जुलै
नाही सांगितलं.

२१ जुलै, रविवार
वैशू म्हणाली, "पप्पा, आबांना एक कुत्रं आणू या ना. केमिस्टसाहेबांकडं आहे तसं." नऊ वर्षांच्या पोरीला सुचलं, मला नाही. नवीन आलं की जुन्याचं सांगणं सोपं जाईल.
सुमन उसळली. "माझ्या म्हायेरी धा-धा कुत्री हुती, एकानं कधी उंबरा वलांडला न्हाय. आन् तुमी सतरंजीवर बसवणार व्हय?" खरं आहे तिचं. आमच्या घराण्यात कुत्र्याशिवाय एक दिवस गेला नाही, पण पाळलेलं एकही नव्हतं. कुत्री कामाला होती. लाडाचं कुत्रं ही माझ्यापासून सुरुवात.

४ ऑगस्ट
भिशी माझ्या नावावर निघाली. दोन हजार. सुमनचा मिक्सर ठरलेला होता, गेल्या वर्षीपासून. मी म्हणालो, कुत्रं. ती पाटा धुवायला गेली, बराच वेळ धूत होती. मग आतूनच, "मिक्सर निदान भुंकला नसता."
चांद्याचं तिलाही सांगितलेलं नाही.

११ ऑगस्ट, रविवार
बारामती. वैशूला घेऊन गेलो. स्टँडच्या मागं एक माणूस पिल्लं विकतो, जुन्या दुचाकींचा धंदाही तोच. खोक्यात चार पिल्लं. दोन पांढरी पॉमेरियन, डोळे गळत होते. दोन अल्सेशियन. वैशूला पांढरं हवं होतं. मी एकेका अल्सेशियनला मानगुटीला धरून उचललं. एक केकाटलं, दुसरं नुसतं बघत राहिलं. दुसरं घेतलं. आबा असंच निवडायचे, लहानपणी शंभरदा पाहिलंय. तो माणूस म्हणतो, "साहेब, जपून. पेपरवालं हाय." जातीचे पेपर कुठायत? पुढच्या आठवड्यात. अठराशे. घासाघीस करून सतराशे, वर पट्टा फुकट. पट्टा फुकट मिळाल्याचा आनंद मला यष्टीत निम्म्या वाटेपर्यंत पुरला.
घरी. आबांच्या खाटेवर ठेवलं. आबांनी त्याचं तोंड उघडून टाळू बघितली, पंजे दाबून बघितले. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले.
"कुणाकडनं मागून आनलं?"
आणि मी मूर्ख. छाती फुगवून सांगितलं, "मागून कशाला? विकत आणलं. सतराशे रुपये."
आबांनी पिल्लू उचलून खाली फरशीवर ठेवलं.
विसरलो कसा? मी स्वतः नारळ धरून गेलो होतो चांद्याच्या वेळी. आमच्यात कुत्र्याचे पैसे कुणी घेत नाही, कुणी देत नाही. ज्याच्या दारात पिल्लं झाली त्याच्या उंबऱ्यावर नारळ आणि खण ठेवायचा. त्यानं नारळ फोडला, की पिल्लू दिलं. तसाच परत केला, तर नाही दिलं. दोन्हींत राग नाही. मेंढरू विकायचं, लोकर विकायची, कुत्रं मागायचं. आबा एवढंच म्हणाले, "इकत घिऊन आला," आणि तेही भिंतीला.

२५ ऑगस्ट
नाव टायगर. वैशूनं ठेवलं. पेपर आले नाहीत. येणारही नाहीत.
जनावरांच्या दवाखान्यात इंजेक्शन. दूध अर्धा लिटर वाढवलं, सुमनशी रोज त्यावरून खटका. आबा शिवत नाहीत. पिल्लू मात्र माझ्या हातचं खातं आणि जाऊन आबांच्या खाटेखाली झोपतं. खायला मी, झोपायला आबा.

१५ सप्टेंबर
पिल्लाला हगवण लागली. मी गोळी शोधत होतो तोवर आबा उठून बाहेर गेले, काठी टेकत, कसलातरी पाला चुरगाळून ताकातून पाजला. मी म्हणालो, डॉक्टरला दाखवतो.
"तू दाखीव. सतराशेचं हाय."
पिल्लू बरं झालं. पाल्यानं की गोळीनं, कुणास ठाऊक.

६ ऑक्टोबर
आबा पहाटे उठून कालव्याच्या कडेनं चालायला लागलेत. टायगर मागं. आज सुट्टी, लांबून पाठोपाठ गेलो. आबा त्याच्याशी बोलत होते. सारखं! इकडं ये, बस, त्या बाजूनं जा, डाव्या अंगाला हो. कुत्रं डाव्या अंगाला होत होतं. समोर एक मेंढरू नाही, नुसतं गवत. माझ्याशी सहा महिन्यांत बोलले नाहीत तेवढं त्या पाच मिनिटांत. पैसे मी भरले आणि बाप त्याला मिळाला. लिहायला लाज वाटते, पण मला त्या कुत्र्याचा राग आला. घरी येऊन त्याची वाटी लाथेनं उडवली. वैशूनं पाहिलं.
डॉक्टरांच्या सांगण्याची आठवण करून दिली. आबा म्हणाले, "गुडघं माझं हायती."
बोलले तरी.

२० ऑक्टोबर
दसरा. आबांनी मला सोनं दिलं, हातात. आज सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्यांचा चेहरा बरा दिसत होता. तो चेहरा मोडवेना. दिवाळीनंतर.

१७ नोव्हेंबर, रविवार
बिराजीचा वाडा, बिऱ्हाड-मेंढरांचा सगळा तळ, कोकणात निघालाय. मेंढरं लासुर्ण्याच्या मोकळ्या रानात बसलीत. तो निरोप घ्यायला क्वार्टरवर आला. सुमननं फराळ दिला. बिराजीनं टायगरला पाहिलं, पाठ थोपटली. "आबा, झ्याक हाय की. चांद्या गेल्याचं दुक्क उलीसं तरी हलकं झालं आसंल."
मी चकली मोडत होतो. मोडतच राहिलो.
आबा त्याला म्हणाले, "कवा गेला?"
"आखाडात. म्या दत्ताला सांगितलं हुतं की." त्यानं माझ्याकडं बोट केलं.
बिराजी गेल्यावर आबा माझ्याकडं वळले. ओरडतील वाटलं. ओरडायला हवं होतं.
"चार म्हैनं तुला ठावं हुतं."
"हो."
"म्हून हे आनलंस व्हय."
हो म्हणालो. सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी. ती म्हणाली, "मला तरी सांगायचं हुतं." आबा बाहेर पडले. तासाभरानं दुकानातून पिशवी घेऊन आले.

१८ नोव्हेंबर
सकाळी उठलो तर खाट रिकामी. घोंगडं नाही, काठी नाही, टायगर नाही. पट्टा खुंटीला.
उंबऱ्यावर नारळ. खाली हिरवा खण, घडी घातलेला.
आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या बाजूला ठेवला होता. परक्याच्या दारात ठेवतात तसा.
सायकल काढून लासुर्ण्याला गेलो. रानात लेंड्या आणि विझलेली चूल. एक बाई शेळ्या चारत होती. "फाटंच गेलं. म्हातारं पुढं हुतं, कुत्रं घिऊन."
पुढं होतं म्हणे. ते गुडघे घेऊन.

१९ नोव्हेंबर
ऑफिसात गेलो. वजनकाटे सुरू झालेत, उसाच्या गाड्यांची रांग. दिवसभर वजनं लिहिली.
संतापच येतो. एवढं केलं त्यांच्यासाठी. घर, डॉक्टर, भिशी. आणि जाताना मला त्यांनी कुत्र्याचा मालक करून ठेवलं. मुलाकडून घ्यायचं असतं तर नुसतं घेऊन गेले असते. मुलाला कोण नारळ ठेवतं?
सुमन म्हणते, "अवं, इकत आनलेलं त्यांनी मागून घेतलं. तुमचं पाप धुतलं त्यांनी." तिला तसं दिसतं. असेलही.

२४ नोव्हेंबर
खण सुमननं कपाटात ठेवला. नारळ देवाच्या फळीवर आहे. फोडला, की दिलं. कुत्रं दिलं, आणि आबा त्या गुडघ्यांनी घाट उतरायला निघाले त्यालाही मीच होकार दिला. परत करायचा तर कुणाच्या हाती? वाडा उन्हाळ्यापर्यंत यायचा नाही.
सुमन विचारते, खोबरं खवट होईल, काय करायचं? मी वजनांचा कागद तपासतोय असं दाखवतो.
आज वैशूनं स्टुलावर चढून नारळ खाली घेतला, कानाशी धरून हलवला. "पप्पा, पाणी वाजतंय अजून."
ठेव म्हणालो जागेवर.