कंडरा आणि सुंभ

४ फेब्रु. १९५६, घाटकोपर
बाबांचं प्लास्टर कापलं. टाचेवरची कंडरा अर्धी तुटलेली. डॉ. म्हणाले, अजून महिनाभर त्या पायावर भार नको. घाई केलीत तर गिरणीत मागावर उभं राहणं विसरा. सगळं इंग्रजीत. बाबा मान हलवत होते. घरी येऊन सूचना शुद्ध मराठीत लिहून दिल्या. वैद्यक-कोशाच्या कचेरीत रोज घोकते ते शब्द कामी आले: संयोजी ऊती, श्वेत तंतू, श्लेषजन. घरातली पहिली पदवीधर, पहिल्यांदाच घराच्या उपयोगी पडले. बरं वाटलं.

९ फेब्रु.
कचेरीत दुपारभर खल: कार्टिलेजला कूर्चा की उपास्थी. मी कूर्चाच्या बाजूने. निकाल नाही.

१३ फेब्रु.
टाच परत सुजली. आईने शेवटी सांगितलं. मी कचेरीत गेले की बाबा गॅलरीत कठडा धरून उभे राहतात. सवय मोडू नये म्हणून! रागाने ती सूचनांची चिठ्ठी मागितली. ती देव्हाऱ्यात, गणपतीच्या तसबिरीखाली. वर हळदकुंकू.
वाचली नाहीत का, विचारलं.
"दोनदा वाचलंय. कळाक नाय. पण तुया लिवलेला, म्हणान देवाकडे ठेवलंय."
मग मला विचारायचं.
"तू शिकलेला चेडू. तुका पुन्हा कसा इचारू?"
जेवण गेलं नाही.

१४ फेब्रु.
माळ्यावरचा काथ्याचा सुंभ काढून टोक उसवलं. टाचेत असंच आहे, बाबा. बारीक तंतूंचा पीळ. अर्धे तुटले, नवे भरतायत, पीळ अजून बसलेला नाही.
लहानपणी गावी बाबा स्वतः सुंभ वळायचे. टोक बोटांत फिरवत बसले.
"नवो सुंभ कोण लगेच ताणता?"
आणि आपणच पाय उचलून उशीवर ठेवला.
जुनी चिठ्ठी मागितली. देत नाहीत.

२० फेब्रु.
कोशात कंडरेचा अर्थ लिहिला: स्नायूला हाडाशी बांधणारा, सुंभासारख्या पिळाचा पट्टा. संपादक सरांनी 'सुंभा'खाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं. खोडलं मात्र नाही.

३ मार्च
सोमवारी डॉ. टाच बघणार. सूज कमी आहे, निदान मला वाटतं. बाबांनी विचारलं, आत किती भरलंय ते वरून कळतं का. मला माहीत नाही म्हटलं. त्यांना हे मी पहिल्यांदाच म्हटलं असेल. हसले.
"मगे दोघांनी इचारूया."
ते प्रश्न सांगतायत, मी त्यांच्याच शब्दांत लिहितेय. चार झाले. मागावर परत उभं राहण्याचा अजून सांगितला नाही. त्याच्यासाठी खाली ओळ मोकळी ठेवली आहे.