गॅरेजातली अमेरिका

१२ ऑक्टो., शनि.
गॅरेज रिकामं केलं. गाडी बाहेर. नलूची सायकल मागच्या शेडमध्ये. द्यायची कुणाला की ठेवायची, नंतर बघू. फरशी धुतली. आता वाळायला वेळ, हवा दमट.

दामलेचा फोन. "वसंता, या वर्षी राहू दे रे. कोणी काही म्हणणार नाही."
म्हटलं, करणार आहे.
"तू? अरे, उभं कोण राहिलंय तेसुद्धा तुला वहिनी सांगायच्या."

खरं आहे. अमेरिकेची निवडणूक आली की मी इथे इंग्लंडात फरशीवर नकाशा आखायचो आणि नलू राज्याराज्यात लाल-निळी रांगोळी भरायची. कोणतं राज्य कोणाकडे जाणार, ते. मग वर चादर. मोजणीच्या दिवशी मंडळी जमली की चादर काढायची. तोवर रंग तोंडाने सांगायचा नाही, पडलेला रंग पुसायचा नाही. रेषा माझ्या, अंदाज तिचा.

या वेळी दोन्ही मलाच. जमेल तसं.

१९ ऑक्टो., शनि.
लेस्टर. रंग घ्यायचे होते, आणि माईंना विचारायचं होतं. नलूची थोरली बहीण. त्यांना न विचारता करणं बरं दिसलं नसतं.

बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीची गर्दी. गाडी लांब लावावी लागली. दुकानातली मुलगी म्हणाली, फक्त लाल आणि निळा? पिवळा, हिरवा नको? नको म्हटलं.

माई: "वर्षाच्या आत दारात रांगोळी? वसंतराव, इंजिनियर झालात, शहाणे केव्हा होणार?"
"दारात नाही. गॅरेजात."
"गॅरेजला दार नाही का?"
 चहा घेतला. त्यांनी पोहे केले होते, ते खाल्ले. निघताना स्वतःच म्हणाल्या, "पेनसिल्व्हेनियाचं तिने माझ्यादेखत सांगितलंय. तो तिचा शब्द. तो तसाच राहणार असेल तर काढा. मी येईन बघायला."
हो म्हटलं.

ऑगस्टमध्ये, हॉस्पिटलात. नर्स ड्रिप बदलत होती. नलू मध्येच म्हणाली, सगळं पेनसिल्व्हेनियावर अडणार, आणि रंग सांगून टाकला. चादर निघण्याआधी रंग बोलून दाखवला तो तेवढाच एकदा. नोव्हेंबरला आपण नसणार हे तिला माहीत होतं. मलाही.
इथेही तो रंग लिहीत नाही. नियम तो नियम.

२६ ऑक्टो., शनि.
आखणी. आधी दोरीने चौकटी, मग खडू. कौन्सिलात जन्मभर रस्त्यांवरचे राउंडअबाउट आखले, त्या मानाने चौकोनी वायोमिंग म्हणजे सुट्टी. मेरीलँडने दर वेळेसारखं रडवलं. गुडघे बोलतायत.

दुपारी ठरलेली राज्यं भरायला घेतली, ज्यांच्याबद्दल कुणालाच शंका नाही अशी. चिमटीतून रांगोळी ढेकळं पडल्यासारखी पडते. तिची कशी सरसर सुटायची. शेवटी चहाच्या गाळणीने भरली. सारखी पडते. गाळणी गेली कामातून, ती असती तर बोलणी खाल्ली असती.

ईशाला व्हिडिओवर दाखवलं. पोरीचं मराठी इथे वाढलेलं. "बाबा, टेक्सस जाडा झाली. आईची टेक्सस बारीक असायचा." मग, "तू जेवतो ना रोज?" जेवतो म्हटलं. एडिनबराहून तिला मोजणीच्या मंगळवारी येता येणार नाही, ड्यूटी आहे. बरंच आहे. तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो असतो तर तीच भरायला लागली असती.

२८ ऑक्टो., सोम.
नलू पोल्स बघायची नाही. शंकेच्या राज्यांत आपली माणसं शोधून ठेवली होती, शेवटच्या आठवड्यात त्यांना फोन. निवडणुकीचं विचारायचीच नाही. मुलं काय करतात, धंदा कसा आहे, शेजारी कसे आहेत. म्हणायची, भांडणाऱ्यांचं काही नाही, त्यांचं ठरलेलं असतं. विषय बदलणाऱ्याकडे लक्ष दे, तो आपली बाजू सोडत असतो. आणि आधीची बातमी शिळी. शेवटच्या आठवड्यातलीच धरायची.

मला फोनवर बोलता येत नाही. आज केला. मिशिगनला तिचा मामेभाऊ. त्याला नलूचं कळलंच नव्हतं. मलाच सांगावं लागलं.  आता कसलं विचारणार. मग त्यानेच आपणहून सुरू केलं. शेजारी, चर्च, कारखान्यातली माणसं, सगळं. मी नुसतं हं हं करत होतो. ठेवताना म्हणाला, "असं ऐकून घेणारं कोणी नसतं हो आजकाल."
मिशिगन भरलं.

३० ऑक्टो., बुध.
कुंदाला फोन. नलूची शाळेतली मैत्रीण, पिट्सबर्गजवळ ड्रायक्लीनिंगचं दुकान. दुकान नऊला उघडतं म्हणून मी इथे एकला केला, तिथले आठ धरून. पण आपली घड्याळं रविवारी तासाने मागे गेली, त्यांची अजून नाहीत. तिथे नऊ वाजले होते. नलूच्या हातून असं झालं नसतं.

"भावोजी, ठेवू नका हं, गिऱ्हाईक आलंय." फोन काउंटरवर ठेवला तिने. मी थांबलो.

कोणी पुरुष, कोट न्यायला आलेला. कुंदा इंग्रजीत म्हणाली, तुमचा निवडणुकीचा बिल्ला काढून ठेवलाय, घेऊन जा. तो म्हणाला, असू दे तुझ्याकडेच, आणि पानं फार पडतायत यंदा, असलं काहीतरी. मागून एक बाई. तिचंही तेच. बिल्ला राहू दे, शिवण कधी होईल?

कुंदा परत आली. "कोट धुण्याआधी बिल्ले काढतो ना आम्ही, वाटीत ठेवतो. मागच्या निवडणुकीला लोक आठवणीने मागून न्यायचे. या वेळी दुसऱ्या बाजूचे नेतात. हे मात्र पडून."
पडून राहिलेले कोणत्या बाजूचे, विचारलं. सांगितलं तिने.
नलूने सांगितलेलाच रंग.
"नलूला सांगितलं असतं तर म्हणाली असती, कुंदे, वाटीचा फोटो पाठव."
 

१ नोव्हें., शुक्र.
दामले आणि त्याची बायको फराळ घेऊन आले. आपल्या घरात या वर्षी करायचा नाही, म्हणून दुसऱ्यांकडून येतो. चकली चांगली होती. दामले गॅरेजात डोकावून म्हणाला, "पेनसिल्व्हेनिया रिकामं का रे? ते तर वहिनींचं ठरलेलं, माई म्हणत होत्या."
बघतो म्हटलं.

ते गेल्यावर गॅरेजात स्टुलावर बसलो. तिचा रंग टाकला तर कोणीच काही बोलणार नाही. चूक निघाली तरी डोळे पुसतील. पण तो ऑगस्टचा अंदाज. हा ऑक्टोबरचा फोन तिने स्वतः केला असता तर तिनेच रंग बदलला असता. की असं मला वाटायला हवंय म्हणून वाटतंय?
माईंना हो म्हटलंय.

३ नोव्हें., रवि.
पेनसिल्व्हेनिया सोडून सगळं भरलं. कुंदाला परत फोन, या वेळी तास नीट धरून. वाटी तशीच आहे.
ठरलं. दुसरा रंग. फोनवर माईंना सांगायचं नाही, समोर सांगायचं.

५ नोव्हें., मंगळ.
सकाळी पेनसिल्व्हेनिया भरलं.  गाळणी एका बाजूने फाटली आहे, पूर्वेची कड ओघळली.

दुपारी माईंना स्टेशनवरून आणलं. गॅरेजात खुर्ची ठेवली होती. त्या बसल्या नाहीत. चष्मा लावून कॅलिफोर्नियापासून बघत बघत आल्या. पेनसिल्व्हेनियाशी थांबल्या.
मी म्हटलं, "माई, रंग बदललाय." कुंदाच्या वाटीचं सांगितलं. शेवटच्या आठवड्यातलं धरायचं, हे नलूचंच, तेही सांगितलं.
 मला वाटलं, आता परत स्टेशनवर सोडा म्हणतील.
मग म्हणाल्या, "कड बघा कशी झालीय. तिची अशी नसायची कधी." आणि खाली बसायला हात पुढे केला. धरून बसवलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी पूर्वेची कड सारखी केली. मीच टाकलेला रंग.
उठवताना म्हणाल्या, "चुकलं तर तुमचं. बरोबर आलं तर नलूचं."
बरं म्हटलं.

दोघांनी मिळून चादर घातली. एक टोक माईंनी धरलं होतं.
माई आत पडल्या आहेत थोड्या. दामले सातला येतोय. पिट्सबर्गला अजून मतदान चालू आहे.