डावा कौल

२३ नोव्हेंबर १९६४, सोमवार

शनिवारी सकाळचं आज लिहितो. देवळातून परतताना वाट वाकडी करून खाडीच्या धक्क्यावर गेलो. का, ते माहीत नाही. गेल्या वैशाखात आमची ही वारली, तेव्हापासून पाय नेतील तिकडे जातो. अगदी खालच्या पायरीवर एक मुलगा गुडघाभर पाण्यात उभा. वर चपला जोडीने नीट ठेवलेल्या, त्यांच्यावर पुस्तकं. इंटरचा वासुदेव. माझ्या इतिहासाच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसतो. भरती चढत होती.

"वासू, ही परडी धर रे जरा. सोगा सुटलाय माझा."

वर आला. परडी धरली. मग त्याला सोडलं नाही, चहाला नेलं. मी काही विचारलं नाही. तिथून कॉलेजात गेलो. तास चांगला झाला. हे खटकतंय. खटकतंय म्हणावं इतकंही नाही.

२४ नोव्हें., मंगळवार

शिक्षकांच्या खोलीत विषय काढला. इंग्रजीचे देसाई हसले. "या वयात सगळेच खाडीवर उभे राहतात हो. कोणीतरी नाही म्हणाली असेल." प्रिन्सिपॉल म्हणाले, "आपलं काम शिकवणं. वडिलांना निरोप द्या." बरोबरच आहे. वासूच्या गावच्या, तोंडवलीच्या होडीवाल्याकडे निरोप दिला.

संध्याकाळी जप. माळ पुरी झाली. मन कुठे होतं, सांगता येणार नाही.

२६ नोव्हें., गुरुवार

वासू दोन दिवस वर्गात नाही. त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी आधी वर्गातल्यासारखंच विचारलं, "तुला काय होतं आहे?" त्याने चादर खांद्यावर ओढून घेतली. शेजारी जमिनीवर बसलो. मग कसं कोण जाणे, आईशी बोलायचो ती भाषा तोंडात आली.

"झोप येता?"

"येना नाय."

"जेवतंस?"

"खानावळीत जातंय, सर. घास गिळना नाय. दिवाळीपासून असाच. माका काय जाता ता माकाच कळना नाय."

"त्या दिवशी धक्क्यार काय वायट करून घेवक गेल्लंस?"

विचारलं आणि वाटलं, असं विचारावं का? शब्दाने वाईट ओढवलं तर? त्याने नखाने भिंतीचा पोपडा काढला. मग, "व्हय."

एवढंच. पण ते म्हटल्यावर तो कुशीवर वळला आणि माझ्याकडे बघितलं.

"बरा केलंस, सांगितलंस. आता माझ्याकडे चल."

त्याची वळकटी मीच उचलली. माझ्या ओटीवर झोपतो आहे.

२७ नोव्हें., शुक्रवार

देसाई संध्याकाळी दारात. काखेत पत्त्यांचा जोड. "तुम्ही दोघे मौनी. तिसरा बडबड्या हवा." तीन डाव वासू हरला. चौथ्यात देसाईंनी उघड लबाडी केली, तेव्हा म्हणाला, "सर, ता पान तुमी मगाशी टाकल्यात." देसाई म्हणाले, "सापडलो रे बाबा!" वासू हसला नाही. पण पान त्याने लक्षात ठेवलं होतं. जाताना देसाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "मंगळवारी बोललो ते विसरा. कोल्हापूरला इस्पितळात या आजाराचा डॉक्टर बसतो. माझ्या मेव्हणीला गुण आला. घरात कोणी बोलत नाही, एवढंच."

२९ नोव्हें., रविवार

वडील आले. दत्ताराम, मासेमारीच्या होडीवरचे तांडेल. ओटीवर बसले नाहीत, खांबाला टेकून उभे.

"मास्तरांनू, डॉक्टर कित्याक? पोर काय पिसाळला? भायरची बाधा असतली. देवाक इचारूया. देव सांगात तसा करूया."

मी हो म्हटलं. मीही देवाला विचारूनच चालणारा.

१ डिसें., मंगळवार

तोंडवलीच्या देवळात. गुरवाने गाऱ्हाणं घातलं: "बा देवा महाराजा, ह्या लेकराचा चित्त खंय लागना नाय. तेका परगावाक दवापाण्याक व्हरूचा काय नाय, तो कौल दी रे महाराजा." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा." देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार.

डावी पडली.

दत्ताराम मोकळे झाले. "बगलात? आता घराक व्हरतंय तेका. शुक्रवारी येतंय."

वासू दाराशी उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. देवाला विचारलं, गुरवाला विचारलं, मला विचारलं.

हिच्या आजारात उजवा कौल पडला होता. बरं वाटेल, असा.

२ डिसें., बुधवार

त्याला विचारलं. "तुका काय व्हया?"

"घराक नको, सर. डॉक्टराकडे तुमी येशात तर येतंय." मग पांघरुणाची घडी घालत, "घराच्या मागेच समुद्र आसा."

वासूला कोल्हापूरला नेतो, हे सांगायला प्रिन्सिपॉलकडे गेलो. ते म्हणाले, "बापाच्या मर्जीविरुद्ध? काही झालं तर नाव कॉलेजचं." मी म्हणालो, इथे ठेवला आणि काही झालं तर? त्यांनी रजेच्या अर्जाचा कागद पुढे सरकवला. "रजा मांडा. त्याच्या टर्मचं मी बघतो."

आजवर कौल मोडलेला नाही. भीती वाटायला हवी. वाटत नाही. हीच भीती वाटते.

४ डिसें., शुक्रवार

पहाटे इथल्या देवळात वासूला घेऊन गेलो. कौल मागितला नाही. नुसतं सांगितलं. गाऱ्हाणं मला घालता येत नाही, अडखळलो. "महाराजा, पोराक घेवन जातंय. चुकलंय तर माझ्या पदरात घाल. तेका सांभाळ." म्हणायला दुसरं कोणी नव्हतं. मागून वासूच हळू म्हणाला, "व्हय महाराजा."

एस.टी. सुटण्याआधी दत्ताराम स्टँडवर आले. त्यांना कालच निरोप धाडला होता. चोरून न्यायचं नव्हतं.

"मास्तरांनू, देवान नको म्हटल्यानी."

"व्हय. आणि तो माका स्वतः सांगता, घराक नको. समुद्राची भीती वाटता तेका. तुमच्या पोराक."

ते वासूकडे बघत राहिले. उभा जन्म समुद्रावर गेलेला माणूस. खिशातून भाजलेले काजू काढले, पुडी खिडकीतून त्याच्या हातात दिली. जा म्हणाले नाहीत. नको म्हणाले नाहीत. गाडी हलली तरी तिथेच.

५ डिसें., शनिवार, कोल्हापूर

इस्पितळाचा व्हरांडा. पाळी आली तेव्हा वासू उठेना. म्हणालो, "मी हयच बसलंय." तेव्हा उठला, आत गेला. दार लोटलंय. आतून डॉक्टरांचा आवाज येतो, मग त्याचा.

चपला त्याने दाराशी काढल्यात. धक्क्यावरच्यासारख्या नीट जोडून नाही; एक उपडी पडली आहे. मी सरळ केली नाही.