आईच्या कुंड्यांसाठी काचघर

दि. १४ डिसेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझी प्रकृती बरी असेल, कामाचा व्याप आटोक्यात असेल आणि तुझ्या खोलीतला गळका नळ एव्हाना दुरुस्त झाला असेल, असे गृहीत धरते. आम्ही दोघे ठीक आहोत. बाबांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. माझ्या शेवटच्या वर्षाचा निकाल तुझ्या अपेक्षेप्रमाणेच लागला, हसू नकोस. हे सारे फोनवर सांगता आले असते, पण फोन कानाला लावला की माझी दातखीळ बसते. तू मला ‘कसर’, पुस्तकातला किडा, म्हणतेस ते काही उगाच नाही. कागदाबाहेर काढले की मी गडबडते. माझी पत्रे निबंधासारखी वाटतात ही तुझी जुनी तक्रार मान्य करूनच पुढे लिहिते. तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे. ती शेवटी मागेन. आधी काचघराविषयी.

आईने तिच्या माहेरच्या थंड, उंचावरच्या गावातून आणलेल्या ऑर्किडच्या तीन कुंड्या तुला आठवत असतीलच. पट्ट्यांसारखी लांब पाने, आणि हिवाळा सरता सरता फिकट पिवळ्या फुलांचा तुरा. ही झाडे उकाड्यातली नव्हेत, गारव्यात वाढणारी आहेत. चार वर्षांपूर्वी तू गेलीस, त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती माना टाकू लागली. बाबांनी जन्मात कधी झाडाला पाणी घातले नव्हते. पण एका सकाळी ते कुंड्यांपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, “ही जाता कामा नयेत.” मग त्यांनी परसात जागा मोजायला घेतली.

आमचे पहिले घर बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाचे होते. वादळाने ते अलगद उचलून शेजाऱ्यांच्या दोरीवर वाळत घातले. दुसऱ्या घरासाठी कोपऱ्यावरच्या सुतारकाकांनी पाडकामातल्या जुन्या काचेच्या चौकटी दिल्या. एकीचे माप दुसरीशी जुळेल तर शपथ. पट्ट्या ठोकत, फटी लांबी लावून बुजवत आम्ही ते उभे केले. दक्षिणेकडच्या अंगाला एक चौकट कमी पडली, तेव्हा बाबा मागच्या खोलीत गेले आणि तिथून एक खिडकी घेऊन आले. तिच्याविषयी पुढे लिहिते.

पहिल्या उन्हाळ्यात आमच्या काचघराची भट्टी झाली. पानांवर तपकिरी चट्टे उठले. मग आम्ही छतावर हिरवी जाळी ताणली, जमिनीवर विटांचा चुरा पसरून दुपारी तो भिजवू लागलो, जुन्या संगणकातला छोटा पंखा दाराच्या तळाशी बसवला आणि त्याच्यापुढे ओले गोणपाट टांगले. घाम पुसत आत शिरावे आणि अंगावर शहारा यावा, इतका फरक पडला. बाबांनी भिंतीवर तापमापक लावला. वर्तमानपत्राआधी ते तापमापक वाचू लागले. पाने टवटवीत झाली, गर्द हिरवी झाली, नवे कोंब आले. सुतारकाका येऊन पाहून गेले.

“झाडं झकास आहेत हो. फुलं कधी?”

“येतील,” बाबा म्हणाले.

ती आली नाहीत. त्या वर्षी नाहीत, पुढच्या वर्षीही नाहीत.

एक गोष्ट मी टाळते आहे, हे तुझ्या लक्षात आले असेल. बाबा रोज संध्याकाळी काचघराचे दार घट्ट लावून घेत. फटींत गोधडीच्या चिंध्या कोंबत. सुतारकाका एकदा म्हणालेसुद्धा, “अहो, काचघर बांधलंय की तिजोरी?” बाबा हसले नाहीत. घरातही तसेच होते. दिवस मावळला की एकूण एक खिडकी बंद. उन्हाळ्यातसुद्धा. आई गेल्यापासूनचा हा शिरस्ता.

काचघराला लावलेली ती खिडकी आईच्या खोलीतली आहे, ताई. तू गेल्यावर बाबांनी ती भिंतीतून काढवली आणि त्या जागी विटा रचल्या. मी तुला कळवले नव्हते. मला तो शब्दच कागदावर उतरवता येत नव्हता. आईच्या आजारपणातल्या शेवटच्या संध्याकाळी तू ती उघडलीस, आईने मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, “आता बरं वाटतंय.” हे तू मला सांगितलेस. बाबांनी पाहिली ती फक्त उघडी खिडकी आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. तिच्या जाण्याचा दोष त्यांनी भरल्या घरात तुझ्या माथी मारला. त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. तेव्हा वापरलेला एकही शब्द मी इथे पुन्हा लिहिणार नाही.

यंदाच्या सप्टेंबरात वाचनालयात मला ऑर्किडवरचे एक जाडजूड पुस्तक मिळाले. त्यात स्पष्ट लिहिले होते, की या जातीला दिवसाचा गारवा पुरत नाही. पावसाळा संपता संपता रात्री चांगल्याच थंड मिळाल्या तरच फुलाचा दांडा निघतो. ऊब मिळत राहिली तर झाड नुसतीच पाने वाढवत बसते. जेवताना मी हे बाबांना सांगितले. रात्री हवा आत यायला हवी, असेही म्हटले.

“पुस्तकं लिहिणाऱ्यांचं काय जातंय?” ते म्हणाले. “गारठून मेली तर?”

एरवी मी तिथेच गप्प बसले असते. तुझी शपथ, कशी कोण जाणे, बोलून गेले: “बाबा, आईच्या खोलीत ही झाडं त्या खिडकीतच असायची. आई आजारी पडेपर्यंत खिडकी रात्रभर उघडी असायची. आणि दर वर्षी फुलायची.”

ते ताटावरून उठले. मी त्यांचे ताट झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काचघरातून खरखर ऐकू आली. आईची खिडकी चारी बाजूंनी स्क्रूंनी पक्की केलेली होती. बाबा स्टुलावर बसून ते स्क्रू काढत होते.

“तेल आण. गंजलेत मेले. आणि बॅटरी नीट धर.”

एक स्क्रू निघाला, पुढचा अडला. त्या अडलेल्या स्क्रूकडे पाहतच ते बोलू लागले.

“ती माझ्याकडेच मागत होती.”

“काय, बाबा?”

“खिडकी. ‘अहो, जरा उघडा ना, जीव घुसमटतो.’ रोज म्हणायची. मी म्हणायचो, आधी बरी हो, मग उघडू.” पेचकस घसरला, त्यांनी तो पुन्हा खाचेत बसवला. “मी उघडून दिली नाही. पोरीनं दिली. ते मला सोसलं नाही.”

“डॉक्टर म्हणाले होते, खिडकीमुळे काही…”

“ते मला तेव्हाच कळलं होतं गं. कळलं नव्हतं म्हणून बोललो असतो, तर निदान माफ तरी झालं असतं.”

मी बॅटरी धरून राहिले. शेवटचा स्क्रू निघाल्यावर त्यांनी तावदान ढकलले. चिंध्या गळून पडल्या आणि बाहेरची हवा आत आली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच ती खिडकी उघडतात. काल सकाळी मला हाका मारत सुटले. मधल्या कुंडीत पानांच्या बेचक्यातून काहीतरी वर आले आहे. पानाचा कोंब चपटा असतो. हा गोल आहे, बोटाला भरीव लागतो. बाबांनी मला तो तीनदा चाचपायला लावला. मग म्हणाले, “तिला कळव.”

“काय कळवू?”

“दांडा आलाय म्हणून.”

“एवढंच?”

“एवढंच. बाकीचं माझं मी बोलेन. ती आली तर.”

“मग तुम्हीच लिहा ना, बाबा.”

ते खरोखर लिहायला बसले. या कागदाच्या पाठीमागे डाव्या कोपऱ्यात ‘चि.’ असे एकच अक्षर दिसेल. ते त्यांचे आहे. त्यापुढे तुझे नाव लिहायला त्यांचा हात वळेना. तासाभराने कागद माझ्यापुढे सरकवून ते काचघरात गेले. मी दुसरा कागद घेतला नाही.

आता मागणे. फूल उमलायला फेब्रुवारी उजाडेल. तू ये. त्यांना माफ कर असे मी म्हणत नाही. तो तुझा अधिकार आहे, आणि ते तुला जे बोलले ते मीही विसरलेले नाही. पण जे त्यांना बोलायचे आहे ते ऐकणारे माणूस तूच आहेस, आणि त्यांच्या वतीने ते मी लिहिले तर ते खोटे होईल. सुतारकाका परवा आईच्या खोलीच्या भिंतीचे माप घेऊन गेले. विटा काढून तिथे नवी खिडकी बसवायची आहे. तुझे अंथरूण मी त्याच खोलीत घालेन.

येताना स्वेटर आण. रात्री आता घरात गार असते.

तुझी,
कसर