यादीतलं पहिलं नाव

ग्लेनबार्डन, केप ब्रेटन
सोमवार, २ मार्च २००९

प्रिय मर्डॉक,

तू ठीक असशील. नसलास तरी कळवणार नाहीस, म्हणून ठीक आहेस असंच धरून चालतो. इकडे मी आणि एफी मजेत. माझा गुडघा कुरकुरतो, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी एफी माझ्यावर कुरकुरते, बाकी सगळं जागच्या जागी आहे. काल मिस्सानंतर चर्चच्या तळघरात चहा होता. तिथे तिघांनी मला अजून ‘मंत्रिसाहेब’ म्हणून हाक मारली. निवडणूक हरून एकवीस वर्षं झाली, तरी लोक विसरत नाहीत. मीही त्यांना विसरू देत नाही, असं एफीचं म्हणणं.

मोठी बातमी म्हणजे विद्यापीठाला माझे कागद हवे आहेत. हसू नकोस. भाषणं, पत्रं, टिपणं, सगळी मिळून अकरा खोकी! या भागातून चारदा निवडून आलेला मी एकटाच, आणि रस्तेखात्याचा मंत्री तर आपल्या डोंगराने दुसरा पाहिलेलाच नाही. खाडीवरच्या पुलावरून जाताना आजही माझी मान ताठ होते. तो पूल काही आपोआप उभा राहिला नाही.

कागद लावायला शोना नावाची मुलगी येते. हुशार आहे, चहाही भरपूर पिते. गेल्या मंगळवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक खोकं उघडून बसली होती. मध्येच म्हणाली, “साहेब, हे मर्डॉक कोण?”

“कोणता मर्डॉक?” मी म्हणालो.

“या यादीत पहिलंच नाव आहे. आणि असं खोडलंय की कागद फाटलाय.”

एफी शेगडीपाशी होती. वळूनही न बघता म्हणाली, “बोला की, मंत्रिमहाराज. एरवी भाषण करताना तर थांबवावं लागायचं तुम्हाला.”

मर्डॉक, अठ्ठ्याहत्तरचा तो शरद तू विसरला नसशील. आपला पक्ष निवडून आला आणि मी मंत्री झालो. सरकार बदललं की रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हरही बदलायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यांची माणसं घरी, आपली माणसं गाडीवर. गावातली पक्षाची समिती नावांची यादी करायची आणि मंत्री सही ठोकायचा. आपल्याकडची गाडी आठ वर्षं आर्ची गिलिसकडे होती, आणि आठ वर्षं तू तिच्यावर डोळा ठेवून होतास. माझ्यासाठी दारोदार हिंडलास, बूट झिजवलेस. आणि गाडी आर्चीकडेच राहिली.

मी तुला सांगितलं, यादी माझ्यापर्यंत आलीच नाही, राजधानीत हॅलिफॅक्सच्या अधिकाऱ्यांनी परस्पर उरकलं. तू म्हणालास, “खात्याचा मंत्री तू, आणि खात्यात तुला कुत्रं विचारत नाही?” महिन्याभरात तू देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आल्बर्टाला निघून गेलास. तेव्हापासून दर नाताळला तुझं कार्ड येतं, त्यात नुसती सही असते.

यादी आली होती. तुझं नाव मीच खोडलं.

आणि ऐक, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. आर्चीने मला जन्मात मत दिलं नाही. तसं तो तोंडावर सांगायचा, “लॉकलिन, माणूस तू बरा आहेस रे, पक्ष तेवढा भिकार.” पण आठ हिवाळ्यांत त्याने गाडी एकदाही खड्ड्यात घातली नाही, आणि डॉक्टरच्या दारचा रस्ता तो सगळ्यात आधी मोकळा करायचा. मत कुणाला दिलं यावर माणसाची नोकरी ठरू नये, असं मी प्रत्येक सभेत घसा फोडून सांगितलं होतं. मग सख्ख्या भावासाठी त्याला काढलं असतं, तर कुठल्या तोंडाने पुन्हा लोकांपुढे उभा राहिलो असतो? आज ती यादी समोर आली तर आजही तुझं नाव खोडेन.

शोना म्हणाली, “खाजगी असेल तर काढून ठेवा, हक्क आहे तुमचा.” मी कागद काढून घेतला. आठवडाभर तो ताटांच्या कपाटात पडून आहे. उद्या ती आली की मी तो परत खोक्यात ठेवणार आहे. तो नसेल तर बाकी सगळी खोकी म्हणजे नुसती माझी फुशारकी. पण परक्या कुणी वाचून तुला सांगण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

इथेच सही करून मी पाकीट बंद केलं होतं. एफीने विचारलं, “दुसऱ्या जागेचं लिहिलंस?” मी तिकिटं शोधायला लागलो. “मग फोड ते पाकीट.”

तर दुसरी जागा. पुढच्याच वर्षी खाडीपलीकडचा म्हातारा ड्रायव्हर निवृत्त झाला. या वेळी यादी नव्हती. मी नवा नियम केला होता, चाचणीत जो पहिला येईल त्याची गाडी. मोठ्या गाड्यांवर तुझ्याइतका हात कुणाचाच बसलेला नव्हता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तुला नुसता एक फोन करायचा होता. मी केला नाही. तू परत आला असतास तर समितीतल्या कुणीतरी कधी ना कधी तुला सांगितलंच असतं, की यादी मंत्र्याच्या हातात दिली होती. तिथे तत्त्व वगैरे काही नव्हतं, मर्डॉक. मी तुला घाबरलो.

त्याच हिवाळ्यात आई अंथरुणाला खिळली. रोज तुझं नाव काढायची. एक दिवस माझं मनगट धरून म्हणाली, “तू एवढा मोठा साहेब ना रे? मग मर्डॉकला घरी आण.”

मी म्हणालो, “माझ्या हातात नाही गं ते, आई.”

ती “बरं” म्हणाली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता. पुन्हा तिने तुझा विषय काढला नाही. तू पोचलास तो तिला पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी.

याची मात्र मी माफी मागतो, तुझी आणि तिचीही. माझ्या हातात होतं.

तुझा थोरला भाऊ,
लॉकलिन