उर्सेकरांच्या प्रश्नावरचे कुलूप

आतषबाजी कट्ट्यावर अजून नाव टिकवून असलेल्या सभासदांनो, आणि माझ्या घरच्या माणसांनो,

आपल्या सगळ्यांची एक तक्रार आहे. संगणकावरच्या आपल्या कट्ट्यावर आता कोणी बोलत नाही. एके काळी जत्रांच्या दिवसांत रोज दीडदोनशे नोंदी पडायच्या. गेल्या अख्ख्या वर्षात सव्वीस पडल्या आणि त्यांतल्या एकोणीस माझ्या आहेत. तुम्ही कारण विचारलेत तेव्हा पवनानगरच्या मेळाव्यात मी पाऊण तास बोललो. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती, डीजेच्या भिंती, परवान्यासाठीचे हेलपाटे, कारखान्यातला स्वस्त माल, एकेकाला मी आरोपी म्हणून उभे केले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्या मी घ्यायला नको होत्या. खरे कारण मला ठाऊक होते आणि त्या पाऊण तासात ते कुठेच नव्हते. ते या कागदात आहे.

मी, निजाम बाबालाल तांबोळी, वय बहात्तर, धंदा शोभेची दारू भरणे आणि सभांमधून बोलणे, राहणार लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी हृदयाबद्दल जे सांगितले ते मला नीट समजले आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. पत्नी हसिना मागे उभी राहून ओळ न् ओळ वाचते आहे, पण त्याला दबाव म्हणायचे तर तो सेहेचाळीस वर्षे चालू आहे. यापूर्वी मी लिहिलेले कोणतेही मृत्युपत्र यापुढे धरू नये. अंमलबजावणीचे काम माझी मुलगी समरीन हिने करावे.

कलम एक. लोणावळ्याचे राहते घर आणि बँकेतली ठेव यांबद्दल मला काही लिहिण्याची गरज नाही. आमच्या कायद्याने वारसांचे हिस्से ठरलेले आहेत. हसिना, मुलगा फिरोज आणि समरीन यांनी ते तसेच घ्यावेत. मृत्युपत्राने मला फार तर एक तृतीयांश देता येते, तेही वारसांखेरीज इतरांना. पुढे इतरांना जे देतो ते त्या तृतीयांशातले आहे. फक्त एक विनंती आहे. हसिना हयात आहे तोवर घर विकू नका आणि माडीवरची तिची शिवणाची खिडकी कपाट ठेवून बंद करू नका. मी दोनदा केली होती.

कलम दोन. माझी सहाशेचाळीस पुस्तके गावातल्या वाचनालयाला द्यावीत. समासात पेन्सिलीने लेखकांशी घातलेले वाद खोडू नयेत. या वाचनालयाने एकदा व्याख्यानमालेत माझा ध्वनिक्षेपक मध्येच बंद केला होता. वक्ता चाळीस मिनिटे जास्त बोलला असे त्यांचे म्हणणे होते. सत्तावीस वर्षे मी तो राग सांभाळला. तो आता सोडतो. ज्याने स्वतः दुसऱ्याचे बोलणे बंद केले त्याला असा राग परवडत नाही.

कलम तीन. आजोबांपासूनची अवजारे फिरोजने घरात ठेवावीत. लाकडी मोगऱ्या, पितळी चाळण्या, तांब्याची पळी. लोखंडाला ठिणगी असते म्हणून आमच्याकडे दारूला लोखंड लावत नाहीत. फिरोज नऊ वर्षांचा असताना दारू भरायच्या शेडमध्ये लोखंडी चमचा घेऊन आला आणि मी त्याला सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. त्यानंतर तो या धंद्याकडे फिरकला नाही. लोक म्हणाले, बापाने पोराला वाचवले. मी मात्र त्याला चमचा का नको ते कधी सांगितलेच नाही. मारले आणि तिथेच विषय बंद केला. ही माझी जुनी खोड. ती पुढच्या कलमात पुन्हा येते.

कलम चार. आतषबाजी कट्टा.

हा कट्टा समरीनने २००९ साली संगणकावर मला उघडून दिला. आमची विद्या बापाकडून मुलाकडे तोंडी जात होती आणि एकेक घर बंद पडले की एकेक दिवा कायमचा विझत होता. मला ते कागदावर, निदान पडद्यावर यायला हवे होते. औट म्हणजे नळीतून आभाळात जाऊन फुटणारा गोळा हे ज्यांना ठाऊक नव्हते तेही आले. शिक्षक आले, रिक्षावाले आले, पवनेच्या काठी तंबू लावणारे आले. उत्साह असा की एका माणसाने झाडाचे फोटो टाकले की रात्रीतून पन्नास जण स्वतःच्या गावच्या जत्रेतली झाडे टाकायचे. झाड म्हणजे अर्थातच आमचे, ठिणग्यांचे.

मग मी नियम केले. एकूण चौदा. नियम दोन असा, की दारूकामाची चौकशी मला फोनवर करू नये, कट्ट्यावर करावी, म्हणजे उत्तर सगळ्यांच्या उपयोगी पडेल. नियम चार असा, की प्रश्न योग्य विभागात विचारावा आणि त्याआधी मी लिहिलेली लेखमाला वाचावी. लेखमाला एकवीस भागांची आहे. नियम मोडणाऱ्याच्या नोंदीला मी कुलूप लावायचो. कुलूप लावलेल्या नोंदीखाली दुसऱ्या कोणाला काही लिहिता येत नाही. ती ताकद फक्त माझ्या हातात होती आणि मला ती आवडत होती.

सखाराम ओव्हाळ हे उर्सेचे, टोलनाक्यावर नोकरीला. कट्ट्यावर त्यांचे नाव ‘उर्सेकर’. २०१७ सालच्या बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहारापुढे उडवायला त्यांनी माझ्याकडून सहा औट नेले. ते औट माझ्याच शेडमध्ये, माझ्याच हाताने भरलेले होते. त्या संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी त्यांनी कट्ट्यावर लिहिले. शब्द जसेच्या तसे देतो:

“भाऊ, पाच गेले. सहावा नळीतच बसलाय, वाजला न्हाई. वात तर जळाली. पोरंसोरं हायेत हितं. जवळ जाऊन बघू का?”

त्यांनी हे ‘जत्रांची छायाचित्रे’ या विभागात लिहिले होते.

मी लगेच वाचले. त्याच दिवशी कोणीतरी चुकीच्या विभागात तिसरा प्रश्न टाकला होता आणि मी आधीच तापलेलो होतो. सात चोपन्नला मी उत्तर दिले. तेही जसेच्या तसे देतो: “नियम चार. विभाग चुकला. लेखमालेचा नववा भाग वाचा, मग विचारा.” आणि कुलूप लावले.

आमच्या घराण्यात औट बसला की वात लावणारा मोठ्याने ‘झोपला’ म्हणून ओरडतो. तो शब्द कानावर पडला की कोण कोणाचा, चूक कोणाची, असले काही विचारायचे नसते. चाळीस पावले मागे व्हायचे, लांबून पाणी मारायचे, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत कोणी जवळ जायचे नाही. अब्बा आधी सगळे सुरळीत करून घ्यायचे आणि शिव्या नंतर द्यायचे. शिव्या भरपूर द्यायचे, पण नंतर. सखारामभाऊंनी माझ्यापुढे ‘झोपला’ असेच म्हटले होते, त्यांच्या शब्दांत. मी शिवी आधी दिली आणि पाणी दिलेच नाही. नवव्या भागात हे सगळे लिहिलेले आहे. पान सहावर. आधीची पाच पाने इतिहासाची आहेत.

आठ वाजून दहा मिनिटांनी ते नळीजवळ गेले. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे गेली.

तळेगावच्या दवाखान्यात मी शिऱ्याचा डबा घेऊन गेलो. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, “तुमी कामात असाल, भाऊ. चुकून बंद झालं असंल ते.” त्यांनी मला सबब देऊ केली आणि मी ती डब्याच्या बदल्यात घेऊन घरी आलो. घरी येऊन ती नोंद सभासदांना दिसणार नाही अशी झाकून टाकली. आठवड्याने ‘नवख्यांची बेफिकिरी’ या मथळ्याचा दोन हजार शब्दांचा लेख लिहिला. नाव घेतले नव्हते. तुम्हाला नावाची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर आम्हा दोघांखेरीज अकरा जण हजर होते. हे यंत्रात नोंदलेले असते. अकरा जणांनी प्रश्न वाचला, कुलूप पाहिले, आणि पुढे काय झाले ते ऐकले. महिन्याभरात अकरापैकी आठ जण लिहायचे थांबले. त्यांचे पाहून बाकीचे. ज्या जागी हाक मारली तर दार बंद होते, तिथे कोण हाक मारील? कट्टा चित्रफितींनी मारला नाही. मी मारला, आणि त्यावर भाषणे दिली.

मेळाव्यातल्या त्या पाऊण तासानंतर पवनानगरच्या शिक्षिका तेजल शिंदे मला जिन्यात भेटल्या. त्या अकरांपैकी एक. त्या म्हणाल्या, “सर, भाषण छान झालं. एक सांगू का? मी उत्तर टाइप केलं होतं. ‘जवळ जाऊ नका’ एवढंच. पाठवायला गेले तर कुलूप. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. आठ वर्षं झाली, मी कट्टा उघडला की ते तीन शब्द बोटांत येतात, म्हणून उघडत नाही.”

 त्या जिन्यातून मी थेट घरी आलो आणि झाकलेली ती नोंद उघडून पुन्हा वाचली.

कलम पाच. तिकोणा पेठेतली माझी शेड आणि तिच्याखालची दीड गुंठा जागा सखाराम ओव्हाळ यांना द्यावी. परवाना मी परत करत आहे. तिथे दारू पुन्हा भरली जाणार नाही. हे सांगायला मी गेल्या महिन्यात उर्सेला गेलो आणि एकदाचे बोललो, की कुलूप चुकून लागले नव्हते, मी रागाने लावले होते.

“ठावं हाय की,” ते म्हणाले. “तितं तुमच्याच नावानं लिवलंय, नियम चार.”

“मग दवाखान्यात तसं का म्हणालात?”

“तुमी शिरा घेऊन आलावता. डबा उलटा धरलावता तुमी. म्हटलं, ह्यो माणूस आता हितंच पडायचा.” मग डाव्या हाताने माझ्यापुढे चहा सारत म्हणाले, “जागेचं बघू. म्हशी बांधीन मी तितं, चालंल का? का म्हशींना बी तुमची लेखमाला वाचाया लावताय?”

मी हसलो आणि चहा उचलला. निघताना ते दारापर्यंत आले. “भाऊ, शेड ऱ्हाऊ द्या एक वेळ. तेवढं कुलूप काढा. माझा प्रश्न अजून तसाच पडलाय. उद्या कुणी नवा आला, त्याचा बी असाच बसला, तर त्याला उत्तर दिसाया पायजे.”

जागा नको म्हणाले तरी द्यावी. म्हशींना माझी पूर्ण संमती आहे.

कलम सहा. ~~माझ्या मृत्यूनंतर समरीनने त्या नोंदीवरचा पडदा आणि कुलूप काढावे.~~

हे कलम मीच खोडले आहे. खाडाखोड माझी, शेजारी सही आहे. ते लिहून झाले तेव्हा मागून हसिना म्हणाली, “मेल्यावर कशाला? लोक काय लिहितील ते तुमच्या डोळ्यांना नको, म्हणून ना?” मी म्हटले, मृत्युपत्रात असेच असते. ती म्हणाली, “समरीनचे अब्बा, त्या माणसानं आठ वर्षं वाट बघितली. आता तुमचं हृदय थांबायची बी वाट त्यानंच बघायची का?”

म्हणून नवे कलम सहा. कुलूप आज दुपारी बारा वाजता मी स्वतः काढले. पडदाही काढला. विभाग बदललेला नाही. प्रश्न ‘जत्रांची छायाचित्रे’ मध्येच आहे आणि तिथेच राहील. कुलूप लावण्याची सोय समरीनने कट्ट्यातून कायमची काढून टाकली आहे. चौदाही नियम काढले आहेत. हे मृत्युपत्र मी कट्ट्यावर लावत आहे, म्हणजे मी जिवंत असताना तुम्ही ते वाचाल.

पहिले उत्तर मी लिहिले आहे: “सखारामभाऊ, जवळ जाऊ नका. पोरांना घेऊन चाळीस पावले मागे या. लांबून पाणी मारा. सकाळी मी येतो.” आठ वर्षे उशीर झालेले, चार वाक्यांचे. यापेक्षा लहान भाषण मी कधी केले नाही.

सभासदांनो, माझ्यावर काय बोलायचे ते मागाहून बोला. मी वाचीन. त्याआधी एकच काम करा. आज कट्टा उघडा, उर्सेकरांच्या प्रश्नाखाली जा, आणि त्या संध्याकाळी तुमच्या बोटांत अडकलेले उत्तर तिथे लिहा.

ठिकाण: लोणावळा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: निजाम बाबालाल तांबोळी (सही)

आमच्यासमक्ष वाचून, समजून सही केली. साक्षीदार:

१. नंदाबाई किसन वाळुंज, शेजारी, लोणावळा (सही)

२. तेजल अनंत शिंदे, शिक्षिका, पवनानगर (सही). उत्तर पाठवले, दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी.