सातव्या वहीचे एकसष्टावे पान

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याऐंशी, अविवाहित, मानसशास्त्राचा सेवानिवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या राहत्या घरी बसून लिहून ठेवीत आहे. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन म्हणजे नेमके काय यावर ज्याने जन्मभर भांडणे केली त्याच्याकडून असा दाखला मागणे ही थट्टाच आहे. पण वकीलबाई म्हणतात, त्याशिवाय कागद टिकत नाही. वकीलबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी. तेव्हाही त्या माझ्या शेऱ्यांवर वाद घालीत.

यापूर्वी केलेली दोन मृत्युपत्रे मी रद्द करतो. त्यांत खोटे काही लिहिले नव्हते. खरे तेवढे गाळले होते.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे खालच्या तीन खोल्या, वरच्या दोन, मागचे अंगण आणि त्यातली विहीर, हे सर्व मी माझ्या धाकट्या बहिणीला देतो. तिचे वय बहात्तर. बाजारामागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते आणि दर रविवारी येऊन माझी कपाटे आवरून जाते. आईवडील गेले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि ती बारा. मी तिला वाढवले असे लोक म्हणतात, आणि मी ते कधी खोडून काढले नाही. घर तिला का देतो याचे खरे कारण पाचव्या कलमात येईल. ते लिहिण्याचा धीर होईपर्यंत बाकीचे सामान वाटून घेतो.

कलम २. प्रयोगशाळेतली जी यंत्रे निवृत्तीच्या वेळी महाविद्यालयाने मला भंगार म्हणून देऊन टाकली, ती मी महाविद्यालयालाच परत देतो. सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे पितळी कालमापक एक, नादकाटे सोळा, रंगीत चकत्यांची पेटी आणि मेणकापडात गुंडाळलेली वजने. ती काचेच्या कपाटात ठेवू नयेत. मुलांच्या हातात द्यावीत, मोडली तरी चालतील.

ही यंत्रे आमचे थोरले सर परदेशातून घेऊन आले. मनाची पहिली प्रयोगशाळा ज्या देशात निघाली तिथे ते शिकले होते. त्याआधी शेकडो वर्षे तत्त्वज्ञ लोक खुर्चीत बसून मनाविषयी बोलत होते. थोरल्या सरांच्या गुरूंनी ते मोजायला घेतले. रसायनवाले पाण्याचे घटक वेगळे करतात तसे आपण अनुभवाचे घटक वेगळे करायचे, असा आमचा बेत. आम्हाला रचनावादी म्हणत. आमचे मुख्य हत्यार म्हणजे आत्मनिरीक्षण, आणि त्यासाठी तयार केलेला माणूस म्हणजे निरीक्षक. निरीक्षकासमोर सफरचंद ठेवले तर त्याने 'सफरचंद' म्हणायचे नाही. 'तांबूस, गोलसर, वरच्या अंगाला पांढुरका ठिपका' असे म्हणायचे. वस्तूचे नाव घेतले की तो उद्दीपक-दोष. भावनांनाही हाच नियम. 'भीती वाटली' हे चालत नसे. 'तळहात गार, छातीत दाब' हे चालत असे. असा निरीक्षक तयार व्हायला वर्षे लागतात. दोष झाला की मी लाल शाईने खोडीत असे आणि शब्द पुन्हा मागीत असे.

कलम ३. महाविद्यालयात शेजारच्या खोलीत बसणाऱ्या सहकाऱ्याने स्वतःच्या मृत्युपत्रात मला ठेवलेला, उंदरांच्या प्रयोगांचा लाकडी भुलभुलैया मी त्याच्या मुलीला परत करतो. या गृहस्थाला आम्ही उंदीरवाला म्हणत असू. तो वर्तनवादी. त्याचे म्हणणे, मन कोणाला दिसत नाही, तेव्हा ते सोडा आणि प्राणी वागतो कसा ते मोजा. आम्हाला तो 'डोळेमिटे' म्हणे. त्याचा एक उंदीर निसटला आणि त्याने माझ्या निळ्या चकत्या कुरतडल्या, त्यावर तो म्हणाला, "बघा, तुमच्या प्रयोगाला निदान एक तरी ठाम उत्तर मिळालं." अठरा वर्षे आम्ही एकच जिना वापरला, तो डावीकडून आणि मी उजवीकडून, आणि एकमेकांशी बोललो नाही. मरताना त्याने भुलभुलैयासोबत चिठ्ठी पाठवली: वाट सापडली तर कळवा.

मी त्याला पाण्यात पाहिले ते चकत्यांसाठी असे सगळे समजतात. तसे नव्हते. त्याने भरसभेत मला एक प्रश्न विचारला होता, आणि प्रश्न बरोबर होता. त्याच्या मुलीने हे कलम त्याच्या फोटोसमोर वाचले तरी माझी हरकत नाही.

कलम ४. पुस्तकांची चार कपाटे सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावीत. पहिले आमचे. दुसऱ्यात कार्यवादी आहेत. मन कशाचे बनले आहे ते राहू द्या, ते करते काय ते सांगा, असे ते विचारीत. व्यवहारी माणसे, त्यांच्याशी माझे भांडण नव्हते. चौथ्यात समष्टिवादी. त्यांचे म्हणणे, सुटे सूर मोजून गाणे हाती लागत नाही, अनुभव अख्खा असतो. त्यांच्यावर मी परीक्षेत एकच प्रश्न देत असे, तोही पर्यायी. याबद्दल सर्व विद्यार्थ्यांची माफी.

तिसरे कपाट मनोविश्लेषणाचे. ते मी कुलूपबंद ठेवीत असे, आणि ही पुस्तके पोरांची डोकी बिघडवतात असे सांगत असे. वास्तविक ती वाचताना मलाच घाम फुटे. माणसाला नको असलेली गोष्ट तो आत ढकलतो आणि ती दुसऱ्याच दाराने बाहेर येते, असे त्यांत पानोपानी लिहिले आहे. किल्ली दिवाणाच्या खणात आहे.

कलम ५. सात वह्या. या मी धाकटीला देतो, आणि हे कलम तिने स्वतः वाचावे.

माझी निरीक्षक क्रमांक तीन म्हणजे धाकटी. बारा वर्षांची असल्यापासून मी तिला शिकवली. शाळेतून आली की दप्तर ठेवून ती माझ्यासमोर बसे. पहिल्या वहीत पानापानावर लाल शाई आहे. पाचव्या वहीपासून लाल शाई जवळजवळ नाही. इतकी तयार निरीक्षक थोरल्या सरांनी परदेशातही पाहिली नव्हती. मी तिचा टेंभा मिरवीत असे. दोन नादकाट्यांतला फरक, जो इतरांना यंत्राशिवाय कळत नसे, तो ती मान कलती करून सांगे. त्या कानाच्या जोरावर एकोणिसाव्या वर्षी तिला वाद्यांच्या कारखान्यात सूर जुळवण्याची नोकरी लागली होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचे होते.

त्याच महिन्यात तिचा डावा कान बिघडला. पहिल्या दिवशी ती येऊन म्हणाली, "दादा, वही घे. डावीकडे, आत, बोथट दाब. कडा गरम." मी वही घेतली. वेदनेचे असे वर्णन कोणाकडेच नव्हते. कुठून सुरू होते, कसे पसरते, ठोक्यामागून ठोका कसा येतो, हे सारे ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. मला कळले नाही असे मी म्हणू शकत नाही. तिचे कपाळ मी हाताने पाहिले होते आणि ते तापले होते. डॉक्टर दोन गल्ल्यांपलीकडे होता. मला आणखी एका दिवसाची नोंद हवी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "दादा, दुखतंय. खूप दुखतंय."

मी म्हणालो, "शब्द चुकला. पुन्हा सांग."

ती म्हणाली, "दाब. ठोक्यागणिक वाढणारा. मानेकडे उतरणारा." मी तिचे आधीचे वाक्य लाल शाईने खोडले आणि समासात 'दोष' असे लिहिले. सातवी वही, पान एकसष्ट.

तिसऱ्या दिवशी ती बोलायचीच थांबली, तेव्हा मी तिला दवाखान्यात नेले. कानामागचे हाड कोरून पू काढावा लागला. डॉक्टर म्हणाला, काल आणली असती तर कान राहिला असता. डावा कान कायमचा गेला. एका कानाने सूर जुळवता येत नाहीत असे कारखान्याने सभ्य भाषेत कळवले. मग तिने एकतीस वर्षे ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी केली.

इथपर्यंत मूर्खपणा म्हणता येईल. पुढचे म्हणता येत नाही. त्या नोंदींवर मी निबंध लिहिला आणि परिषदेत वाचला. धाकटी तिसऱ्या रांगेत, डोक्याला पट्टी, उजवा कान पुढे करून बसली होती. उंदीरवाला उठला आणि त्याने विचारले, "तीन दिवसांत ती मुलगी एकदाही दुखतंय म्हणाली नाही?"

मी म्हणालो, "नाही. एकदाही नाही."

सभेने टाळ्या वाजवल्या. धाकटीला तापातले काही आठवत नव्हते. तिने माझ्याकडे पाहून होकारार्थी मान डोलावली. पुढच्या वर्षी मी विभागप्रमुख झालो. आणि त्या दिवसापासून तिच्या कानाचा विषय निघाला की ती हसून सांगते, "माझाच शहाणपणा. सगळं सांगितलं, दुखतंय तेवढं सोडून." माझ्यासमोर सांगते. रविवारी आलेल्या पाहुण्यांना सांगते. त्रेपन्न वर्षे मी ते ऐकून घेतले आणि तिच्या मूर्खपणाला पाहुण्यांबरोबर हसलो.

मी अपराधी आहे. कान गेला त्यापेक्षा या हसण्याचा अपराध मोठा आहे, कारण तो दर रविवारी नव्याने केला.

कलम ६. वर न आलेली अथवा कोणत्याही कारणाने देता न आलेली माझी सर्व मिळकत महाविद्यालयाकडे जावी.

कलम ७. हे कलम आजच, सह्या होण्यापूर्वी घातले आहे. मृत्युपत्रात असले काही लिहीत नाहीत असे वकीलबाई म्हणतात. मी लिहिणार.

सकाळी वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि पाचव्या कलमाशी थांबल्या. म्हणाल्या, "सर, हे त्यांनी तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

"तशीच पद्धत आहे."

"मग त्या भांडणार कोणाशी?"

त्यांनीच फोन केला आणि धाकटी आली. साक्षीदार म्हणून वकीलबाई स्वतः आणि समोरचे घड्याळजी ठरले होते. घड्याळजी केव्हाचे खुर्चीत येऊन बसले होते. मी त्यांच्यादेखत पाचवे कलम वाचले. धाकटी उजव्या बाजूने ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने सातवी वही मागितली, चष्मा लावला, आणि एकसष्टावे पान बराच वेळ पाहिले.

"मी म्हणाले होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुला ऐकू आलं होतं."

"हो."

"मला वाटायचं, मीच अशी कशी? अंगाला आग लागली तरी ही रंग सांगत बसेल, असं स्वतःला म्हणत आले मी. लग्नाचं विचारायला आले होते त्यांना नाही म्हटलं. म्हटलं, हिचं मूल आजारी पडलं तर हिला कळेल का? तुला ठाऊक होतं हे?"

मला ठाऊक नव्हते. ते तिने कधी सांगितले नव्हते. मी म्हणालो, "धाकटे, घर तुझं आहे. मी ते आधीच..."

"घर तुला हलकं वाटावं म्हणून देतोयस." मग ती घड्याळजींकडे वळली. "काका, उठा. ती खुर्ची मला द्या. तुम्हाला त्या दिवसाचं काय ठाऊक? साक्ष मी देते."

वकीलबाईंनी तिला समजावले. जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्राने काही घेता येत नाही. सही केली तर घर जाईल, वह्याही जातील, सगळे सहाव्या कलमाने महाविद्यालयाकडे जाईल. सही न करता राग धरला तरी चालेल, असेही त्या म्हणाल्या.

"घर जाऊ दे," धाकटी म्हणाली. "वह्या तर कॉलेजातच जायला हव्यात. तिथेच तू खोटं बोललास ना? माझं नाव घालून ठेवा म्हणावं त्यांना."

मी विनवण्या केल्या. पहिले कलम जसेच्या तसे ठेवले आहे, ती पेन खाली ठेवील या आशेने. तिने पेन खाली ठेवले नाही. तिने मला क्षमा केली की नाही ते मला माहीत नाही. विचारायचा मला अधिकार नाही, आणि विचारले असते तरी तिने सांगितले नसते. घड्याळजी दाराशी उभे आहेत. मी आता सही करतो.

मृत्युपत्र करणार: (सही) निवृत्त प्राध्यापक
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, मंगळवार, दुपारी साडेबारा

साक्षीदार पहिल्या: (सही) वकील. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर, शुद्धीवर राहून सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) धाकटी बहीण. सहीखाली त्यांच्याच हाताने लिहिलेला मजकूर: पाचवे कलम खरे आहे. मला दुखत होते आणि मी तसे म्हणाले होते.